चिंचणीतली भांग

शनिवारी सकाळी शैलेश बोईसरच्या पिठाच्या गिरणीत रांगेत उभा होता. एका हातात गव्हाचा डबा, दुसऱ्यात मिक्सरचं बिघडलेलं भांडं आणि मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला फोन. पलीकडून प्रदीप बोलत होता. दोघे एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. दिवाळीपासून बहुतेक शनिवारी ते चिंचणीच्या खाडीवर गळ टाकून बसायचे. कोणत्या शनिवारी आणि किती वाजता यायचं ते प्रदीप सांगायचा, कारण तो तिथलाच. शैलेश मनोरचा. समुद्रातलं त्याला एवढंच कळायचं की दोरी ताणली की ओढायची.

"आज नको येऊ शैल्या. भांग हाय."

गिरणीच्या घरघरीतही शब्द स्वच्छ ऐकू आला.

"भांग?"

"मंग! कालपासनं हाय. अजून दोन-तीन दिवस तरी जायाची नाय."

"घरी माहीत हाय तुझ्या?"

"आयनंच सांगितलं. आख्ख्या गावाला माहीत हाय, त्यात काय!"

"आनि तू एकटाच?"

"नाय रे, निमेश आलाय. आमी बसलोय पडवीत. तू कशाला फुकट पेट्रोल जाळतो?"

फोन बंद झाला. होळी आठवड्यावर आली होती. प्रदीप भांग पितो याबद्दल शैलेशची काही तक्रार नव्हती. आपल्याला न बोलावता पितो, आणि निमेशबरोबर पितो!

बायकांच्या मत्सरावर पुरुषांनी पोतंभर विनोद लिहिलेत. पुरुषाच्या मत्सरावर कोणी लिहीत नाही, कारण लिहिणारे बहुतेक पुरुषच. तर सांगतो. दोन महिन्यांपूर्वी हिशेब खात्यात आलेल्या या निमेशकडे भारीतला, घडी होणारा गळ होता, हे शैलेशने सहन केलं होतं. प्रदीप त्याला 'भाई' म्हणायचा, तेही गिळलं होतं. पण भांग! हे म्हणजे आपल्या जागेवर दुसऱ्याने चटई अंथरून वर लोळायलाही सुरुवात करणं.

दळण तिथेच टाकून तो मिक्सरवाल्याकडे गेला. भांडं दुरुस्त झालं तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरंच फिरायला लागलं होतं. नुसती भांग कोणीही पितो. त्यात ठंडाई घालायला मोठं मन लागतं. तो घरी आला आणि मुलीच्या परीक्षेसाठी आणलेल्या बदामांचा डबा काढला.

"ते किंजलचे हायेत," त्याची बायको मंगला म्हणाली. "आनि माझा ब्लाउज कुठाय? शिंपी दुपारी बंद करतो."

"तुला ब्लाउजची पडलीय! तिकडे प्रद्या कालपासनं भांग पिऊन पडलाय. त्याची आईच देते म्हने."

हे त्याने रागाने सांगितलं, काळजीने नाही. पण मंगलाला काळजी ऐकू आली. शैलेश बडीशेप, बदाम, दूध मिक्सरमध्ये घरघर फिरवत होता तेवढ्यात तिने बाहेर जाऊन दीपाला फोन लावला. दीपा प्रदीपची बायको, दोन दिवसांसाठी माहेरी उमरोळीला गेलेली.

"दीपा, तू घाबरू नको," मंगलाने सुरुवात केली. हे वाक्य ऐकून आजवर कोणीही न घाबरता राहिलेलं नाही.

शैलेश किटलीभर ठंडाई स्कूटरवर पायांशी ठेवून खड्डे चुकवत निघाला. रस्ता कसला, नुसते खड्डे, मधेमधे डांबर. किटली सांडू नये म्हणून तो बैलगाडीच्या वेगाने चालला. तो प्रदीपच्या घरी पोचला तेव्हा पडवीत प्रदीप आणि निमेश गळांना नव्या दोऱ्या बांधत होते. दोघांचे डोळे स्वच्छ. शेजारी प्रदीपची आई वाल सोलत होती.

"लपवलीत ना?" शैलेश म्हणाला. "काढा बाहेर. मी ठंडाई आनलीय. मला काय परका समजता?"

"काय काढू?" प्रदीप म्हणाला.

"भांग!"

म्हातारीच्या हातातली शेंग खाली पडली आणि ती हसत सुटली. "आरं मेल्या! अष्टमी हाय ना. पानी धड चढत नाय, धड उतरत नाय, मासा येत नाय. त्याला भांग बोलतात. काय वाटीत घेऊन प्यायाची हाय?"

शैलेश काही बोलणार एवढ्यात दारात रिक्षा थांबली. पिशवीसकट दीपा उतरली. तिने एकेकाचं तोंड पाहिलं आणि मग किटलीत डोकावली. बडीशेपेने दूध हिरवट झालं होतं.

"ही कोनी आनली?"

सगळ्यांनी शैलेशकडे पाहिलं. म्हातारी हसत होती, त्यामुळे तिला खुलासा करता येईना.

"वैनी, ही नुसती ठंडाई हाय. मला वाटलं भांग यांच्याकडं असंल, म्हनून..."

"म्हनून तुमी घालून प्यायला आलात! आनि बदनामी माझ्या नवऱ्याची? मंगलावैनीनं फोन केला तवापासनं गाडीत चढेस्तोवर रडले मी."

"भाभी, आपण तर चहा पण नाय पित," निमेश अदबीने म्हणाला. दीपाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला.

"बघा! शिका काय तरी. पुढच्या शनिवारपासनं गळाला निमेशभाईंबरोबरच जायाचं," तिने नवऱ्याला बजावलं. "आनि ते मासा पन खात नायत. मिळंल तो सगळा आपल्या घरी येतो. हे शैलेशभावजी दर खेपी मोठा मासा उचलून न्यायचे."

यावर प्रदीप खाली पाहून दोरीला नसलेली गाठ सोडवू लागला. शैलेशला आता सगळं समजलं. भारीतला गळ, 'भाई', अदब, सगळं फोल होतं. निमेशची खरी ताकद त्याच्या ताटात होती.

म्हातारीने ठंडाई पेल्यांत ओतली. वाद घालणाऱ्यांनीही पेले उचलले. शैलेशने मात्र आपला पेला निमेशच्या हातात दिला, त्याला खेटून बसला आणि साखरेसारख्या आवाजात म्हणाला,

"निमेशभाई, एकदा बोईसरला घरी या ना जेवायला. आमची मंगला बोंबील असा कुरकुरीत तळते, की खाताना मासा हाय हे कळतसुद्धा नाय."