प्रोफेसरचं आपोआप दार

आमच्या प्रोफेसरला चहा द्यावा आणि तो त्याने नुसता प्यावा, असं पोलादपुरात कधी घडलं नाही. पहिला घोट घेतला की स्वारी उठून थेट चुलीशी. "साखर घातलीत, पण चाखून पाहिलंत का? नुसतं करून भागत नाही. केल्याचं काय झालं, ही खबर उलट यायला हवी!"

महाडच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर. म्हणजे मी बसलेला, तो उभा. पुढे तो पुण्याच्या एका कॉलेजात यंत्रांवर ताबा ठेवायचं शास्त्र शिकवू लागला. विषयाचं नाव 'कंट्रोल', त्यामुळे गावाला बरेच दिवस वाटत होतं की हा कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात लागलाय. तिथून तो कॉम्प्युटरवर घसरला. ते यंत्र त्याने एकदाच, तेही काचेपलीकडून पाहिलं होतं. पण बोलायचा असा, की जणू त्याचं बारसं जेवलाय.

आंबेनळी घाटात एसटीच्या ड्रायव्हरमागे उभा राहून तो ओरडायचा, "जास्त वळवलंत! आता उलटं जास्त वळवाल, मग गाडी डोलेल!" एकदा ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, गप बसा, नाय तर इथंच उतरा." हा उतरला. मागून ट्रक आला, त्यात चढला आणि त्या ड्रायव्हरलाही शिकवत आला.

मग त्याला उत्तरेकडच्या एका नव्या कॉलेजातून कॉम्प्युटर विभाग उभा करायचं बोलावणं आलं. जन्मभर वाट पाहिली ती याचीच. पण इथे आई एकटी. खाचरातलं पाणी सोडायला-अडवायला ती रोज पावसात बांधावर जायची. तिचा पाय घसरला तर? या विचाराने त्याला झोप येईना, आणि तो आम्हालाही झोपू देईना.

श्रावणात रजा टाकून तो आला आणि बांधाला आपोआप दार बसवलं. रॉकेलचा रिकामा डबा पाण्यावर तरंगायचा. पाणी चढलं की डबा दार उचलायचा, उतरलं की दार बंद. आणि ते चक्क चाललं! प्रोफेसर बांधावर नाचायचाच बाकी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या खाचराचा धोंडू तणतणत घरी आला. "वयनी, पाणी का अडवलंत? माझं भात सुकतंय. आणि सकाळपास्नं हाका मारतोय, ओ नाय! मला वाटलं, पडलात का काय!"

आमच्याकडे वरच्याने खालच्याला विचारून पाणी सोडायचं असतं. रोज धोंडू खालून ओरडायचा, "वयनी, हाय काऽ?" आणि आई बांधावरून ओ द्यायची, "हाय रेऽ! किती सोडू?" डब्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आई म्हणाली, "काढ बाबा तो डबा. घरात बसून मी मेले काय नि जगले काय, कुणाला कळायचं नाय."

प्रोफेसरने निमूटपणे दार उपटलं.

नव्या कॉलेजला जायच्या दिवशी स्टँडवर तो म्हणाला, "आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. म्हणाली, तिकडं मला हाक कोण मारील?" तो चष्मा पुसू लागला. "खरंय तिचं. पण मला तरी हाक कोण मारणार आहे रे? सगळे सर म्हणतील."

गाडी सुटली. गेली कित्येक वर्षं मीही त्याला प्रोफेसरच म्हणत होतो. चिखल तुडवत मी गाडीमागे धावलो आणि ओरडलो, "दत्त्याऽऽ!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "ओऽऽ!"

गाडी वळणाआड गेली तरी तो ओ देतच होता.