मार्तंडमास्तरांचे बेकायदा शेरे

आमचे शेजारी मार्तंडमास्तर यांनी नांदेडच्या सरकारी शाळेत बारा वर्षे नोकरी करून एकही मूल नापास केले नाही. हा सद्गुण नव्हे. हा नियमभंग आहे, असे माझे तेव्हाही लेखी म्हणणे होते.

माझा नातू विठू गणितात शंभरापैकी चार गुण मिळवून घरी आला, तो वरच्या वर्गात गेल्याची बातमी घेऊन. वर्गाच्या निकालपत्रकावर त्याच्या नावापुढे मास्तरांचा शेरा होता : "बैलाच्या चालीवरून त्याचा दुखरा पाय ओळखतो. वर चढविला." त्याच वर्गातल्या गंगूपुढे : "भांडणाऱ्या दोघांचेही म्हणणे ऐकून घेते. वर चढविली." मी वकील. हा दुसरा शेरा मला विशेष झोंबला.

मी जाब विचारला. मास्तर म्हणाले, "पोरगं कशात न्हाई ते समद्यायला ठावं हाय, वकीलसाहेब. कशात हाय, ते कोण बघून राहिलंय?"

"बैलाचा रकाना पत्रकात कोठे आहे?"

"न्हाई ना! म्हणून तर समासात लिवलं."

समासात! मी त्याच दिवशी शाळाखात्याच्या मोहतमिमांकडे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांकडे, सहा कलमी तक्रार धाडली. उत्तरास विलंब झाल्याबद्दल आणखी दोन. अखेर मोहतमीमसाहेब तपासणीस आले. त्यांनी पत्रक पाहिले. बैलाविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांचा आक्षेप एकच : निजाम सरकारच्या दप्तरात शेरे मराठीत का? हुकूम झाला, की मास्तरांनी दोन महिन्यांत उर्दूची परीक्षा द्यावी. नापास झाल्यास नोकरी संपली. त्या परीक्षेत ते आधी दोनदा नापास झाले होते, हे मला त्या दिवशी कळले.

तक्रारीत नसलेल्या मुद्द्यावर शिक्षा, हा कोठला न्याय? संतापून मी चौथा अर्ज लिहिला, या खेपेस मास्तरांच्या बाजूने, आणि त्याची नक्कल देण्यास त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर पाटी घेऊन एकटेच बसले होते.

"अर्ज ऱ्हाऊ द्या, साहेब. तुमचं कचेरीतलं उर्दू लई पक्कं. जरा शिकवता का?"

मी बसलो. त्यांनी एक अक्षर तीनदा लिहिले. तिन्ही वेळा टिंब भलत्याच जागी पडले. चौथ्यांदाही तेच झाले तेव्हा माझा आवाज चढला, "मास्तर! किती वेळा सांगायचे?"

पन्नाशी उलटलेले ते गृहस्थ. त्यांनी मान खाली घातली आणि उजव्या हाताचा तळवा उघडून माझ्यापुढे धरला.