मोजकी मुलं

मुलगी बारावी झाली की बापाने कॉलेज निवडायचे असते. जकात नाक्यावरचे कारकून अंबादासराव नेजकर यांनी १९७९ च्या जून महिन्यात हे कर्तव्य यथोचित गांभीर्याने हाती घेतले. ट्रकमधल्या पोत्यावर नुसती काठी टेकवून आत गूळ आहे की गुळाखाली आणखी काही, हे ते सांगत. असा माणूस फसणे शक्यच नव्हते.

कोल्हापुरातले मोठे कॉलेज त्यांनी आधीच बाद केले होते. तिथे संप होतात, स्नेहसंमेलने होतात आणि मुले मॅटिनीला जातात. नाक्यावरचे सहकारी नृसिंहराव यांनी त्यात भर घातली.

"मोठ्या कॉलेजात पोरगी म्हंजे दर्यात खसखस. लहान कॉलेज बघा. आमचा थोरला यंदा सुटतोय की तिथनं. वैयक्तिक लक्ष! डोळे झाकून घाला."

'सुटतोय' या शब्दावर अंबादासरावांनी काठी टेकवायला हवी होती. ती राहिली.

कॉलेज राधानगरी रस्त्याला, एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात होते. विरोधी गटाने गावात दूध डेअरी काढली, म्हणून पुढारी हंबीररावांनी उच्च शिक्षण काढले होते. प्राचार्य गणपतरावांनी स्वतः उठून खुर्ची दिली.

"मुलं किती?" अंबादासरावांनी विचारले.

"मोजकी."

उभ्या हयातीत अंबादासरावांनी लिंबाची पाटी मोजल्याशिवाय सोडली नव्हती. पण मोजकी म्हणजे कुणीतरी मोजलेली असणारच, असे त्यांना वाटले आणि त्यांनी फी भरली.

पहिल्या दिवशी लेक नंदिनी घरी आली ती दप्तर टाकून खालीच बसली.

"अप्पा, वर्गात मी एकटीच हाय."

"सगळ्या वर्गात?"

"सगळ्या कॉलेजात."

"मग पहिली येतीस की!" आतून तिची आई, माई म्हणाली.

वैयक्तिक लक्ष मात्र भरपूर होते. एका मुलीमागे सात प्राध्यापक. ती शिंकली की इतिहास थांबायचा आणि शेजारच्या खोलीतून अर्थशास्त्र विचारपूस करायला यायचे. ती वर्गप्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवडून आली. संमेलनात तिने गाणे म्हटले, खाली उतरून टाळ्या वाजवल्या आणि बक्षीस घ्यायला पुन्हा वर गेली. एकदा तिला ताप आला, तेव्हा कॉलेज बंद पडू नये म्हणून सातही जण एसटीने घरी आले आणि माजघरात तास घेऊन, कांदेपोहे खाऊन गेले.

नंदिनीने हे सगळे सोसले. बी.ए. झाली की बँकेची परीक्षा द्यायची, एवढाच तिचा हिशेब होता. तिसऱ्या वर्षी मात्र तिचा शेवटच्या परीक्षेचा अर्ज प्राचार्यांनी अडवला. अंबादासराव तडक गुऱ्हाळात गेले.

"नंदिनीची हजेरी शून्य भरतीया," गणपतराव दुःखाने म्हणाले.

"शून्य? तापात तुम्ही माझ्या माजघरात शिकवलंय!"

"पोरगी आली की रोज. न्हाई कोण म्हणतंय? पण वर्गाला गणसंख्या तीन लागते. तिघं कधी जमलीच न्हाईत, म्हंजे तास झालाच न्हाई. जो तास झाला न्हाई त्याची हजेरी कशी लावू?"

"मग तुमचे पगार कसे निघाले?"

"पगाराला गणसंख्या लागत न्हाई. एक विद्यार्थी लागतो."

नंदिनी दाराशी उभी होती. "अप्पा, म्हातारी होईपर्यंत मी हितंच शिकायचं काय?" तिच्या डोळ्यांत पाणी होते.

गणपतरावांनाही ते पाहवले नाही. त्यांनी आवाज खाली आणला.

"खरं सांगू? ती पास झाली की पटावर कोण न्हाई. सात घरच्या चुली विझत्यात. नृसिंहरावांचा थोरला गुणी पोरगा, पाच वर्षं तक्रार न करता बसला. तुमची नंदिनी आली, तवा त्याला सोडला. तुमी बी बदली माणूस द्या, अर्ज आत्ता पाठवतो."

"आज शेवटचा दिवस आहे! आत्ता कुठून आणू?"

तोवर जमलेल्या सातही प्राध्यापकांनी अंबादासरावांकडे वैयक्तिक लक्ष दिले.

"तुमची मॅट्रिक झालीया न्हवं?"

"जुनी मॅट्रिक. आमच्या वेळची मॅट्रिक म्हणजे आत्ताची बी.ए.," अंबादासराव सवयीने बोलून गेले. "मला काय गरज आहे?"

"गरज आमाला हाय. इथं सही करा."

नंदिनी पास झाली, बँकेत लागली. अंबादासराव सकाळी गुऱ्हाळात बाकावर बसू लागले आणि दुपारपाळीला नाक्यावर. त्यांच्या शिंकेवरही इतिहास थांबू लागला. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत तेही बिनविरोध आले.

पुढच्या जूनमध्ये निसारने नाक्यावर ट्रक उभा केला. हुपरीचा ओळखीचा माणूस, आणि आज गालात हसत होता.

"सायेब, आमची रशिदा बारावी झाली. खानदानात पयली. तुमी शिकल्यालं मानूस, कंचं कॉलेज बरं?"

अंबादासरावांनी काठी भिंतीला लावली. पोरीला त्यांनी फ्रॉकात पाहिले होते. पण उद्या सकाळी मानसशास्त्राची चाचणी होती.

"मोठ्या कॉलेजात पोरगी म्हणजे दर्यात खसखस," ते म्हणाले. "लहान कॉलेज बघ. वैयक्तिक लक्ष! आमची नंदिनी तिथलीच, बँकेत आहे. डोळे झाकून घाल."

निसारने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

यात खोटे काय होते, ते काठी टेकवून सांगा. आणि अंबादासरावांना नावे ठेवण्याआधी, तुमची पतपेढी, तुमचा डॉक्टर, तुमच्या लेकीचे सासर कसे आहे असे परवा शेजाऱ्याने विचारले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात तेवढे आठवा.