सुभेदारसाहेबांचं बहुमत

मोहितेकाकांकडे दोडका करायचा की वांगं, हे मतदानाने ठरतं.

सकाळी भाजीची गाडी गल्लीत आली की काका फाटकापाशी ताठ उभे राहतात आणि आवाज देतात, "दोडके के पक्ष में कौन? हात ऊपर!" भाजी त्यांच्या एकट्याच्या घरी शिजणार, खाणार ते एकटेच, पण मत सगळ्या गल्लीचं. समोरच्या शेखावत भाभी दात घासत असल्या तर ब्रशचा हात वर करतात. भाजीवाल्यालाही मत आहे. गाडीवर जे जास्त उरलं असेल त्याच्या बाजूने तो असतो. काकांना हे कळतं, पण मत देणाऱ्याला कारण विचारायचं नाही, असा त्यांचा नियम आहे.

आमची गल्ली खातीपुऱ्यात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. सहा घरं. त्यांतली मराठी दोनच, एक आमचं आणि एक काकांचं, आणि दोघांची मधली भिंत एक. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि जयपूरलाच राहिले. काका सुभेदार, तेही लष्करी बँडमधले. मूळचे साताऱ्याकडचे. एकतीस वर्षं त्यांनी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. आता तो पेटीत असतो. रविवारी बाहेर येतो, पुसून चकाचक होतो, सलाम घेतो आणि परत पेटीत जातो.

बहुमत विरुद्ध गेलं तरी काका ते मोडत नाहीत. फाटकाला रंग द्यायचा होता तेव्हा त्यांना फौजी हिरवा हवा होता. गल्ली म्हणाली, गुलाबी. काकांनी स्वतः ब्रश घेतला आणि शिक्षा झालेल्या माणसासारखं तोंड करून दोन दिवस फाटक गुलाबी केलं. येणारे-जाणारे हसले की म्हणायचे, "जनता का फैसला है."

त्याच मतदानात शेखावत भाभींच्या सासूबाईंनी दोन्ही हात वर केले होते.

"माँजी, एक हात नीचे. बोगस वोटिंग हो रहा है."

"दूसरा इनका है," ओसरीच्या भिंतीवरच्या आपल्या नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोकडे मान करून त्या म्हणाल्या. "ये भी गुलाबी बोल रहे हैं."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी ते मत मोजलं.

मला चारचौघांत हात वर करणं जमत नाही. काका माझ्याकडे बघतात आणि जाहीर करतात, "सूनबाई तटस्थ." मग मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मी भिंतीपलीकडे हळूच सांगते, "काका, घेवडा." तिकडून उत्तर येतं, "गुप्त मतदान. ग्राह्य."

काकू होत्या तोवर यातलं काही नव्हतं. तेव्हा काय शिजायचं, कुठे जायचं, कोणता शर्ट घालायचा, सगळं काकू ठरवायच्या. "एका पक्षाचं सरकार होतं," काका म्हणतात, "आणि फार चांगलं चाललं होतं." काकूंना जाऊन तीन वर्षं झाली.

यंदा थंडी उतरायला लागली तेव्हा एक मुलगी स्कूटरवरून गल्लीत आली. जगतपुऱ्याच्या कॉलेजात शिकणारी, नाव रितिका. शहरात तीन दिवसांचा जॅझचा उत्सव भरणार होता आणि ती त्याच्या कामात होती. नुसतं गाणं-वाजवणं नव्हे, देशाचा इतिहास आणि लोकशाही हेही त्यात होतं. लोकशाही म्हटल्याबरोबर काकांनी तिला खुर्ची दिली आणि मला भिंतीवरून हाक मारली, "सूनबाई, चहा. मतदान नको, थेट चहा."

मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलणं रंगात आलं होतं.

"अंकलजी, आखिरी दिन 'सबकी बारी' है. जयपुर के लोग हमारे ग्रुप के साथ बजाएँगे. आप भी."

"कागज कब मिलेगा?"

"कौन सा कागज?"

"जिस पे लिखा रहता है, क्या बजाना है."

"जॅझ में अपनी बारी का कागज नहीं होता. बारी आई कि अपने मन का बजाना."

काकांनी कप खाली ठेवला. "बेटा, इकतीस साल में मन का एक सुर नहीं बजाया. फौज में मन का बजाते तो कोर्ट मार्शल होता."

रितिका हसली. मग तिने समजावून सांगितलं. एकाची बारी असते तेव्हा बाकीचे खालून ठेका धरून राहतात. कोणी कोणाला तोडत नाही. त्याचं झालं की दुसऱ्याची बारी, आणि तो पहिल्याचं ऐकूनच आपलं पुढे नेतो.

काकांनी मांडीवर थाप मारली. "ही तर संसद!" मग थोडं थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "असायला पाहिजे तशी."

त्याच दिवशी गल्लीत मतदान झालं. काकांनी उत्सवात वाजवावं का? सगळे हात वर. विरोधात एकच मत, ते काकांचं. "बहुमताचा आदर आहे," असं ते म्हणाले खरे, पण चेहरा थंडीत गार पाण्याने आंघोळ सांगितल्यासारखा होता.

मग पंधरा दिवस भिंतीपलीकडून सॅक्सोफोन ऐकू येऊ लागला. कागदाशिवाय वाजवायचं म्हणून काकांनी आधी एक कागद केला. त्यावर वर नीट अक्षरात लिहिलं, 'मनातले', आणि खाली सूर मांडून ते पाठ करू लागले. रितिका ऐकायला आली.

"अंकलजी, बहुत बढ़िया. लेकिन ये तो परेड है."

"परेड नहीं. थोडा घुमाया है."

"और आपके पैर?"

काकांना एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. वाजवायला लागले की पाय आपोआप डावा-उजवा चालू होतात. जागच्या जागीच चालतोय म्हणतात, पण खाटेपाशी सुरू केलेलं वाजवणं संपतं तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात असतात. रितिकाने खडूने फरशीवर गोल काढला आणि सांगितलं, याच्या बाहेर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी गोल पुसला गेला होता आणि बुटांचे पांढरे ठसे थेट मोरीपर्यंत गेले होते.

काकांनी पहिला कागद फाडला. दुसरा केला, तोही फाडला. दिवस जवळ आले तसं त्यांचं जेवण कमी झालं. भाजीची गाडी दोनदा मतदान न होता निघून गेली.

आमच्या ह्यांनी विचारलं, "साहेब, फेरमतदान घेऊ या का? मी तुमच्या बाजूने."

"हवालदार, एकदा कौल लागला की लागला. तिथे उभा राहीन आणि काही सुचलं नाही तर तसाच खाली उतरेन. पण आयुष्यभर लोकांचं वाजवलं, स्वतःचं एक वाक्य नाही आलं, हे जाताना माहीत होऊन जाईल."

त्या दुपारी अंगणात ते भिंतीपलीकडून मला म्हणाले, "सूनबाई, मनातलं वाजवायचं म्हणजे आधी मनात काय आहे ते बघावं लागतं. तिथेच गाडी अडते."

मी चादर झटकली.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी अख्खी गल्ली दोन ई-रिक्षांत बसून गेली. मोठी बाग, मऊ ऊन, गवतावर सतरंज्या. एका बाजूला देशाच्या इतिहासाचे मोठे मोठे फोटो लावले होते. काका कोट घालून, पदकं लावून प्रत्येक फोटोसमोर सावधान उभे राहत होते. एका फोटोत पदर तोंडावर ओढलेल्या बायकांची लांब रांग होती, पहिल्या निवडणुकीतली. खालचं हिंदी मी अक्षर लावून वाचत होते. चौथीनंतर शाळा सुटली, वेळ लागतो. बाकीचे पुढे गेले. काका थांबले.

"सावकाश. फोटो पळत नाही." मग स्वतःही त्या बायकांकडे बघत म्हणाले, "तुमचं काय म्हणणं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारलं असेल."

चार वाजता 'सबकी बारी' सुरू झाली. पियानोवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, एकजण ड्रमवर, आणि एकाच्या हातात माणसाएवढं उभं व्हायोलिन. चारदीवारीतले, म्हणजे जुन्या शहरातले, एक सारंगीवाले येऊन गेले. कॉलेजातली एक मुलगी गाऊन गेली. मग रितिकाने काकांचं नाव घेतलं. काका स्टेजवर चढले, टाचा जुळवल्या, सॅक्सोफोन उचलला.

ग्रुप वाजवत होता. पियानोवरच्या बाईंनी काकांकडे बघून मान हलवली. काकांनीही आदराने मान हलवली.

बाईंनी एक फेरा वाजवून संपवला आणि पुन्हा मान हलवली. या वेळी काका म्हणाले, "जय हिंद."

लोक हसले. रितिकाने खाली कपाळाला हात लावला. बाई म्हणत होत्या, तुमची बारी. पण बँडमध्ये मान हलवून कोणी सुरू करत नाही. समोर बँडमास्तर असतो, त्याची काठी खाली येते तेव्हाच पहिला सूर निघतो. काका एकतीस वर्षांच्या सवयीने काठीची वाट बघत होते आणि समोर काठी नव्हती. ड्रमवाल्याने हनुवटीने खूण केली. काका घामाघूम. शेखावत भाभी माझ्या कानात म्हणाल्या, "हे राम, उतर जाएँगे क्या?" मी पदर मुठीत धरला.

तेव्हा त्या बाईंनी दोन्ही हात पियानोवरून उचलले. ड्रम थांबला. उभं व्हायोलिन थांबलं. सगळं गप्प.

परेडमध्ये मध्येच बँड गप्प झाला तर हजार पावलं चुकतात. शांतता पडली की बँडवाल्याने ती भरलीच पाहिजे, हे काकांच्या हाडात आहे. कागद नव्हता, विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी फुंकर मारली आणि जे आलं ते आलं.

दोनच सूर. पहिला आखूड, दुसरा लांब ओढलेला. मग थांबले. पुन्हा तेच दोन, दुसरा आणखी लांब. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तेच, जरा चढ्या आवाजात, थोडं रागाने.

ते मी भिंतीपलीकडून वीस वर्षं ऐकलं होतं. काका ओसरीवर पेपर घेऊन बसायचे आणि ताट वाढून काकू आतून हाक मारायच्या, "अहोऽऽ." काका म्हणायचे, "आलो," आणि हलायचे नाहीत. मग दुसरी हाक. तिसऱ्या हाकेत आमटी गार होत असल्याचा राग असायचा. अगदी तसंच. काकू घरात आहेत आणि ताट वाढलेलं आहे, असं वाटलं.

मधल्या जागेत पियानोवरच्या बाईंनी हळूच दोन सूर ठेवले, उत्तर दिल्यासारखे. काकांनी त्यावर हाक दिली. ड्रमवाला तारेच्या ब्रशने हलकं हलकं वाजवू लागला. मग काका कुठे कुठे गेले, खाली उतरले, वर चढले, भांडले, समजूत घातली, आणि फिरून त्या हाकेवर आले. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. बूट जागचे हलले नव्हते.

लोक उभे राहिले. भाभींनी मला विचारलं, "ये कौन सा राग था?"

"मालूम नहीं," मी म्हटलं.

परत येताना ई-रिक्षात काका माझ्या समोर बसले होते, पेटी मांडीवर. आमचे हे पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी. बाकीची गल्ली दुसऱ्या रिक्षात. काका पुढे वाकून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही ओळखलंत."

"हो."

"शेवटचा सूर वर जायचा की खाली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पेटीच्या कडीशी चाळा करत होते.

"मी वर नेला. पण खात्री नाही. फोनमध्ये तिचे फोटो भरपूर आहेत, आवाज एकाही ठिकाणी नाही. महिना झाला, कानात पहिला सूर येतो, दुसऱ्याचं टोक येत नाही. दुसऱ्या कागदावर तेच लिहून बघत होतो, शेवट जमेना म्हणून तो फाडला. जयपुरात तुमच्याशिवाय कुणाला विचारू? तुमचं मत नको. तुम्ही ऐकलंय ते सांगा."

"वर जायचा, काका. शेवटच्या वर्षी दम लागायचा, तेव्हा खाली."

"कसा?"

असं सांगून कळणार नव्हतं. मी रस्त्यात कधी मोठ्याने बोललेले नाही, आणि ही हाक तर परक्या माणसासमोर मारायची नसतेच. मी पदर सारखा केला, बाहेर दुकानांकडे तोंड केलं आणि काकूंसारखी ओढून, टोक वर नेऊन हाक मारली, "अहोऽऽ!"

आमचे हे दचकून मागे वळले. "काय गं? काय राहिलं?"

आणि त्याच वेळी समोरून काका म्हणाले, "आलो."

कोणाला तरी उतरायचंय असं समजून रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेऊन थांबवली. उतरायचं कोणालाच नव्हतं. काका डोळे मिटून बसले होते. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "भैया, दो मिनिट."