चाकाचे वीस नट आणि हौसाबाईंची भाऊबीज

माणसाची पारख त्याच्या शीलावरून होते आणि गाडीची तिच्या चाकांच्या नटांवरून. पहिली गोष्ट तपासायला फार वेळ लागतो, म्हणून आमच्या गावाने दुसरीवर लक्ष केंद्रित केले आहे.

आमचे गाव पनवेलहून जासईकडे जाताना डाव्या हाताला लागते. (उजव्या हाताला लागते ते कंटेनर यार्ड. पूर्वी तेही गावच होते.) शेजारच्या धनेशची शेवटची खाचरे यार्डात गेली आणि दसऱ्याला त्यांच्या बदली एक पिवळी स्पोर्ट्स कार आली. दोन माणसे बसतील एवढीच, पण आवाज ट्रेलरचा. तिची चाके ज्या नटांनी आवळली होती ते काही साधे नट नव्हते. निळसर जांभळे, मोराच्या मानेसारखे, चाकाला पाच याप्रमाणे वीस. धनेश सकाळी चहाचा कप घेऊन चाकापाशी उकिडवा बसायचा तो दुपारी उठायचा.

धनेशच्या आईची, हौसाबाईंची, या सगळ्यात एकच मागणी होती. शिरढोणला त्यांचा थोरला भाऊ काशिराम राहतो. गुडघे गेल्यामुळे तो आता घराबाहेर पडत नाही.

"मना भाऊबीजेला या गाडीतून काशिरामाच्या दारान उतरायचा हाय," त्या म्हणाल्या.

"नेतो गो आये," धनेश म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला होता, याला मी साक्षी आहे.

दसऱ्याला रीतीप्रमाणे गाडीची पूजा झाली. पुढे नारळ फुटला, चारही चाकांखाली लिंबे चिरडली गेली. तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या चाकाच्या एका नटावर तपकिरी डाग दिसला. त्या दिवशी धनेश जेवला नाही. संध्याकाळी 'चक्रनट डाग व रंगबदल प्रतिबंधक समिती' स्थापन झाली आणि अक्षर बरे असल्यामुळे मला चिटणीस नेमण्यात आले.

समितीने कारणांचा सखोल अभ्यास केला. न्हावा शेव्याकडून येणारा खारा वारा ३१ टक्के, ट्रेलरची धूळ ४४ टक्के, शेजाऱ्यांची नजर १२७ टक्के. (नजर शंभरात मावत नाही, असे सर्वानुमते ठरले.) धनेशची चुलत बहीण मोनाली रसायनशास्त्र शिकते. तिने लिंबाच्या रसाने धातूवर डाग पडतात असे सुचवले, पण सभासदांच्या भावना लक्षात घेऊन हे वाक्य इतिवृत्तातून वगळले. नजरेवर उतारा म्हणून प्रत्येक चाकावर रोज एक लिंबू पिळावे असा ठराव झाला. आठवड्यात आणखी सात नट तपकिरी झाले, तेव्हा नजर किती तीव्र आहे याबद्दल कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

मग धनेशच्या बायकोने, मनस्वीने, वीस नटांसाठी वीस लोकरी टोपडी विणली, गोंड्यासकट. ती इतकी गोड दिसत होती की दोन बायका बारशाला आल्यासारख्या कुंची घेऊन आल्या. पण लोकरीत दव साचले. समितीने नियम आणखी कडक केले. पावसात, उन्हात, धुळीत, दवात आणि पश्चिमेचा वारा असताना गाडी चालवण्यास मनाई केली. हिशेब करता गाडी बाहेर काढण्यास योग्य असा वर्षाला साधारण अकरा मिनिटांचा काळ उरला. (तोही राहुकाळात येत होता.)

शेवटी सभासद प्रितेश यांनी मूलगामी प्रश्न विचारला. नट गाडीवर आहेत म्हणूनच खराब होतात ना? मी आजवर पाहिलेल्या सभांमध्ये इतका शुद्ध विचार कुणी मांडला नव्हता. गाडी विटांवर चढवली, वीसही नट काढून स्टीलच्या डब्यात घातले आणि ओल लागू नये म्हणून डबा तांदळाच्या पिंपात पुरला. त्यानंतर एकाही नटावर नवा डाग पडला नाही. कामगिरी शंभर टक्के.

भाऊबीजेला सकाळी हौसाबाई नवे लुगडे नेसून, केसात अबोली माळून गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. तातडीची सभा भरली. नट बसवायचे तर पाना लावावा लागेल, पान्याने ओरखडा पडेल, आणि ओरखडा म्हणजे डागाचाच भाऊ. मागणी सहानुभूतीपूर्वक फेटाळली.

येथे एक नोंद करतो. ज्या शेताची ही गाडी झाली, त्यात हौसाबाईंनी तीस वर्षे गुडघाभर चिखलात लावणी केली. त्यांच्या पायांच्या रंगबदलाबाबत कधी समिती नेमल्याचे दप्तरात आढळत नाही. मला त्या दिवशी स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

हौसाबाई आत गेल्या, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि डबा काढला.

"नवरा नाय, तं वऱ्हाड तरी नेते," म्हणाल्या.

नट गाडीवर लावून नेण्यास मनाई होती, डब्यातून नेण्यास नव्हती. ही त्रुटी माझीच. संरक्षणासाठी मलाही सोबत धाडले. आम्ही रिक्षाने गेलो, डबा त्यांच्या मांडीवर.

काशिरामाने ओवाळून घेतले आणि दाराबाहेर नजर टाकत विचारले, "गाडी कया हाय?" हौसाबाईंनी डबा उघडला. त्याने एक नट उजेडात धरून सगळीकडून पाहिला.

"झकास हाय गो तुजी गाडी," तो म्हणाला. "बसायला जरा जागा कमी हाय."

दोघे इतके हसले की काशिराम खाटेवरून घसरला. तेवढ्यात हौसाबाईंच्या वहिनी गंगाबाई ताट घेऊन आल्या. नवी गाडी प्रथमच दारी आलेली. त्यांनी विसांच्या विसांना ओली हळद माखली आणि वर कुंकू लावले.

ती हळद निघाली नाही. समितीने खास बैठकीत ठराव केला की गाडी पिवळी असल्याने पिवळा हाच नटांचाही मूळ रंग होय. हा रंग उडू नये म्हणून आता ते हॉलमध्ये काचेच्या कपाटात असतात. गाडी विटांवर आहे.

तुम्ही हसताय. हसा. तुमच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक आहे आणि चांगल्या कपबश्या शोकेसमध्ये पाहुण्यांची वाट पाहत आहेत, हे आमच्या पाहणीत आले आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही, उलट अभिनंदनच. समितीत तुमची जागा राखून ठेवली आहे. अर्जात फक्त एक रकाना भरायचा आहे: 'एकदा नेतो' असे तुम्ही ज्यांना म्हणाला होता, त्यांचे नाव, आणि त्या अजून नवे लुगडे नेसून दाराशी उभ्या आहेत का.