परब भावजींचे एअर फिल्टर

गाडीचा एअर फिल्टर घ्यायला आलेला माणूस खिशातून उदबत्ती काढतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. ऑपेरा हाऊसच्या गल्लीत, गाडीच्या सामानाच्या दुकानात, भर दुपारी. मी चष्म्यासाठी गिरगावात गेले होते, तर आमचे परब भावजी म्हणाले, चला वैनी, माझं पण थोडं काम हाय. काम हे. उदबत्ती पेटवून त्यांनी कागदी फिल्टरच्या एका अंगाला धरली, दुसऱ्या अंगाला तोंड लावून श्वास ओढला आणि डोळे मिटून उभे राहिले. गिऱ्हाइकं बघत होती. दुकानदार शेठ कपाळाला हात लावून बसला होता.

"ह्यातून धूर येतो," भावजी म्हणाले. "दुसरा दाखवा."

"काका, गाडी कुठली ते तरी सांगा."

"गाडीचं सोडा. माप घ्या."

मग टेप निघाली. लांबी, रुंदी, जाडी. मग कागदाच्या घड्या नखाने एकेक मोजल्या. शेठ म्हणाला, "लोक हा वर्षाला बदलतात. तुम्ही दर महिन्याला येता. गाडी चालवता कुठे, खाणीत?"

"लालबागला," भावजी म्हणाले.

परब भावजी म्हणजे आमच्या मिस्टरांचे मिलमधले जोडीदार आणि आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. दोघंही कार्डिंग खात्यात. तिथे कापूस पिंजताना एवढी तूस उडायची की समोरचा माणूस धुक्यातला दिसायचा. गळ्यात बसलेली तूस खाली जावी म्हणून मुकादम गुळाचा खडा द्यायचा. आमचे मिस्टर गूळ खाऊनही लवकर गेले. भावजी टिकले, आणि तेव्हापासून हवेकडे संशयाने बघायला लागले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हवा काय पाव्हणी नाय, वैनी. दारात उभी करून बघायची, मग आत घ्यायची." कुणाकडे गेले तरी आधी पंख्याची पाती बोटाने पुसून बघणार. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा. म्हणून पुष्कळजण त्यांना बोलवायचेच नाहीत.

तर त्या दुपारी फिल्टर पाहून मी काय समजले असेन? भावजींनी गाडी घेतली. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ही बातमी मीच पोचवली. संध्याकाळी सगळी चाळ त्यांच्या दारात.

"परबकाका, पेढे."

"कसले?"

"गाडीचे हो. लपवता काय?"

मला वाटलं, आता खरं-खोटं होईल. भावजींनी माझ्याकडे एकदा बघितलं, आत जाऊन पिशवी घेतली आणि खाली जाऊन पेढे आणून वाटले. गाडी ठेवलीय कुठे, असं कुणी विचारलं की म्हणायचे, भाच्याकडे, शीवला. रंग कुठला? "धुळीत रंग कोण बघतो?"

त्या सगळ्या गडबडीत सुलू दाराशी आली नाही. सुलू म्हणजे त्यांची बायको. आली नाही कारण तिला येववत नव्हतं. चार वर्षांपासून तिची छाती बसत चालली होती. शेवटची दोन वर्षं तर ती जिना उतरलीच नाही. डॉक्टर म्हणायचे, हवापालट करा, गावाला न्या. भावजी म्हणायचे, "गावाक हवा हाय, डॉक्टर नाय. हयसर डॉक्टर हाय, हवा नाय. मी हिला ठेवू खय? पनवेलला?"

आणि हवा कशी असणार? शेजारची चाळ पाडून तिथे टॉवर चालू झाला होता. तिच्यानंतर नंबर आमचा. सिमेंट उडायचं ते ताटातल्या भातावर दिसायचं. पण आमच्याकडे धुळीबद्दल कुणी बोलत नसे. बोललं की काम थांबणार, काम थांबलं की आपली नवी खोली लांबणार. शेजारच्या कामाला आमची हरकत नाही, असा कागद निघाला तेव्हा कमिटीतर्फे सह्या गोळा करत दारोदार मीच फिरले. सुलूच्या दारातही गेले. ती म्हणाली, "नवीन बिल्डिंगमध्ये लिफ्ट असेल ना गो? मग मी खाली येईन." आणि सही केली. जी धूळ तिला खात होती, त्याच धुळीतून तिची लिफ्ट यायची होती. हे तेव्हा मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी कागद परत नेला असता का, कोण जाणे.

दसऱ्याला मी झेंडूचे हार करते. चाळीतल्या सगळ्या बाईकना माझाच हार असतो. त्या वर्षी एक मोठा केला, परबांच्या गाडीसाठी. भावजींनी निमूट घेतला. दुपारी सोनं द्यायला सुलूकडे गेले तर तो हार खिडकीला.

म्हणजे खिडकीला नाही. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात भावजींनी प्लायवूडची पेटी बसवली होती. आत उलटा लावलेला एक्झॉस्टचा पंखा, बाहेरची हवा आत ओढणारा, आणि त्याच्या तोंडावर गाडीचा एअर फिल्टर. कडा रेक्झिनने बंद केलेल्या. पेटीला हार, हळदकुंकू, खाली लिंबू. समोर खुर्चीत सुलू.

"ही बघ आमची गाडी," ती म्हणाली आणि हसली, आणि हसल्यामुळे पाच मिनिटं तिला बोलता आलं नाही.

भावजी स्टुलावर बसले होते, मान खाली. मग हळूहळू तिनेच सांगितलं. रोज सकाळी अर्धा तास ती त्या हवेसमोर बसते. एकटी बसून कंटाळते म्हणून हे शेजारी बसतात आणि गाडी हाकतात. गावाच्या रस्त्याने. रोज थोडंच, कारण तिला प्रवास झेपत नाही.

"काल माणगावला मिसळ खाल्ली," सुलू म्हणाली. "ह्यांनी तिखट घेतली. मला नाय दिली."

"घाट लागायचा होता पुढे," भावजी म्हणाले. अगदी गंभीरपणे.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "भावजी, आपण तक्रार करू. मी येते." ते कठड्याला धरून उभे राहिले. "तिला लिफ्ट हवी हाय, वैनी. तक्रार करून तिची लिफ्ट घालवू?" मग म्हणाले, "वीस वर्षं मी मिलमधून तूस अंगावर घेऊन आलो. कपडे कोणी झाडले? ह्याच खोलीत, दार लावून. बाहेर झाडले तर शेजारी बोलतात म्हणून. छाती माझी जायची ती हिची गेली."

आठ दिवसांत तो फिल्टर राखाडी व्हायचा, पंधरा दिवसांत काळा. ते गॅलरीत वर्तमानपत्रावर उलटा करून झोडपायचे, तीनदा, चारदा, मग नवीन आणायला ऑपेरा हाऊस. उदबत्ती, टेप, नख. मी पुन्हा कधी हसले नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. चाळ अजून त्यांच्या गाडीवर विनोद करायची. कोजागिरीला एकाने माईकवरून विचारलं, काका, लिफ्ट देता का? भावजी सगळ्यांबरोबर हसले.

सुलू माघ महिन्यात गेली. सकाळीच, खुर्चीत. हॉस्पिटलची गाडी आली, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला चादरच लागली. सगळं आटपून लोक गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले होते. कुणी न विचारता ते म्हणाले, "गावाच्या वाटेवर, लांज्यापर्यंत आलो होतो."

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी भावजी दारात. "वैनी, ऑपेरा हाऊसला येता?"

मी मनात म्हटलं, माणसाचं डोकं गेलं. पण एकट्याला कसं सोडायचं, म्हणून गेले. शेठने सवयीने मोठा फिल्टर पुढे केला. भावजींनी तो बाजूला सारला. "लहान पाहिजे. माप लिहून आणलंय."

शेठला काही ठाऊक नव्हतं. "गाडी बदलली काय, काका?"

"हो," म्हणाले, आणि उदबत्ती पेटवली.

परत आल्यावर ते स्वतःच्या दाराशी थांबले नाहीत. माझ्याकडे आले, स्टूल मागितलं आणि माझ्या स्वयंपाकाच्या खिडकीपाशी मांडून वर चढले. पेटी त्यांनी आधीच करून ठेवली होती. खिडकीचं माप बहुतेक गॅलरीतूनच घेतलेलं.

"भावजी, हे काय चाललंय? मला काय झालंय?"

"भिंत पातळ हाय. चार वर्षं मी तिचा खोकला ऐकला. आता सकाळी तुमचा ऐकू येतो."

मी म्हणणार होते, मला कुठला खोकला. पण मिस्टर जाऊन इतकी वर्षं झाली. सकाळी उठून मी काय करते, कशी उठते, कशी बसते, खोकते की नाही, हे मला सांगायला घरात होतं कोण?

"तुमचा अजून कोरडा हाय," ते वरून म्हणाले. "तिचा असा होता तेव्हा मला कळला नाय."

आणि स्क्रू मागायला त्यांनी हात खाली केला.