मनाई केलेला पाऊस

रविवारी दुपारी टॅपस्कॉटबाई रेडिओ केंद्रात शिरल्या, तेव्हा त्यांच्या टोपीच्या रुंद काठात चांगलं कपभर पाणी साचलं होतं.

"काय मेला हा पाऊस!" त्या दारातूनच म्हणाल्या.

एडगर पिलबीमचं बोट आपोआप खाली दाबलं गेलं. पण हवेतच, कारण तो अजून खुर्चीवर बसला नव्हता.

त्या खुर्चीसमोर एक कळ होती आणि ती सांभाळणं हेच त्याचं काम होतं. युद्ध सुरू झाल्यापासून रेडिओवरचं प्रत्येक भाषण आधी मंजूर होऊन यायचं. वक्ता बोलत असताना काचेपलीकडच्या खोलीत पिलबीम मंजूर कागद घेऊन बसायचा. भलताच शब्द आला की कळ दाबायची, रेडिओ गप्प. सगळ्यांत कडक मनाई हवामानाची होती, रेडिओवरच काय, फोनवरसुद्धा. कुठे पाऊस आहे आणि कुठे आकाश मोकळं आहे, हे घरबसल्या कळलं तर जर्मन विमानांची सोयच झाली असती. पण इंग्लंडात दोन माणसं भेटली की हवेखेरीज दुसरं बोलतात काय?

मागच्याच महिन्यात रविवारच्या प्रार्थनेत पाद्रीबुवा नोआच्या महापुराची गोष्ट वाचत होते. पृथ्वीवर पाऊस कोसळू लागल्याचं कानावर पडताच पिलबीमने कळ दाबली. हा पाऊस मंजूर कागदातलाच होता, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं. रेडिओ एकाएकी मुका झाला, तशी केंद्रावर बॉम्ब पडला असं समजून शेकडो लोकांनी जेवणाची ताटं सोडून तळघरं गाठली.

लंडनहून त्याच्या वरिष्ठांचा, हॅडोसाहेबांचा फोन आला. "पिलबीम, तो महापूर जुना आहे. जर्मनांना तो ठाऊक आहे. आणखी एक चूक केलीस, तर पुन्हा रेशनच्या कचेरीत!"

रेशनच्या कचेरीत पिलबीमने वर्षभर लोण्यावरून बायकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. इथे काचेमागे त्याच्याशी कोणी बोलतही नसे. याहून मोठं सुख त्याने आयुष्याकडे मागितलं नव्हतं.

"बाई, कागदात आहे तेवढंच वाचा हं," तो टॅपस्कॉटबाईंना अजिजीने म्हणाला.

"अहो, गाजराचा मुरंबा तो! त्यात हिटलरच्या कामाचं काय असणार?"

पिलबीम खुर्चीत जाऊन बसला. माइक चालू झाल्याचा तांबडा दिवा लागला. बाई वाचायला वाकल्या आणि टोपीच्या काठातलं सगळं पाणी कागदावर ओतलं गेलं. मंजूर मजकुराची निळी रांगोळी झाली.

"भगिनींनो," बाई म्हणाल्या, "माझा कागद भिजलाय. कशाने ते विचारू नका. आता तोंडानेच सांगते."

पिलबीमने कळीवर बोट टेकलं.

"गाजरं आदल्या दिवशीच उपटून ठेवा. आज मळ्यात जाल तर घोटाभर चिखल!"

चिखल हे हवामान, की जमीन? पिलबीम नियम आठवू लागला. तो आठवेपर्यंत बाई साखरेवर पोचल्या होत्या.

"साखर संपली असेल तर मध घाला. माझ्या मधमाश्या मात्र आज पोळ्यातून बाहेरच पडल्या नाहीत. त्या तरी काय करतील बिचाऱ्या?"

कळ दाबावी तर पुन्हा सारा देश तळघरात, न दाबावी तर मधमाश्यांमार्फत शत्रूला खबर. दोन्ही वाटा रेशनच्या कचेरीकडेच जात होत्या. पिलबीमने तिसरी शोधली. तो खुर्ची सोडून चवड्यांवर आत गेला, ओठांवर बोट ठेवलं, मग खिडकीकडे हात करून जिवाच्या आकांताने मान हलवली.

"कळलं हो, कळलं!" बाई माइकमध्येच म्हणाल्या आणि खिडकीकडे पाठ करून बसल्या.

पुढे मात्र त्यांनी कमाल केली. ढगाचंसुद्धा नाव काढलं नाही. लिंबं मिळत नाहीत म्हणून आंबट सफरचंद सांगितलं, आणि मुरंबा नवऱ्याला जर्दाळूचा म्हणून वाढायला सांगितला. "आमच्या ह्यांना अजून पत्ता लागलेला नाही. म्हणजे आत्तापर्यंत. रविवारी रेडिओ ऐकतात ते. बरं, नमस्कार!"

पिलबीमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई उठून कोट घालू लागल्या. गृहस्थाने अशा वेळी करायचं ते त्याने केलं. कोपऱ्यातली आपली छत्री पुढे केली.

"थांबा बाई! असल्या धो धो पावसात अशाच कुठे निघालात?"

बाईंनी डोळे मोठे केले आणि तांबड्या दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा जळत होता. कार्यक्रम संपला की कळ दाबून तो विझवायचं कामही पिलबीमचंच होतं. पण बाईंना भिंतीवरचं घड्याळ दाखवायचंय, असं त्याला वाटलं.

"उशिराचं राहू द्या. हा पश्चिमेकडून आलाय, संध्याकाळपर्यंत काही हटत नाही. टेकड्यांवर तर ढग इतके खाली उतरलेत..."

जन्मात तो अनोळखी बाईशी इतकं बोलला नव्हता, त्यामुळे थांबतात कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी टॅपस्कॉटबाई तरातरा काचेपलीकडे गेल्या आणि त्यांनीच कळ दाबली. दिवा विझला, तेव्हा पिलबीम वाऱ्याविषयी सांगत होता.

"चांगली घट्ट आहे हो तुमची कळ," बाई म्हणाल्या.

पिलबीम छत्रीसकट काचेपलीकडे धावला. तेवढ्यात फोन वाजला.

"पिलबीम!" हॅडोसाहेब गरजले. "त्या बाईने राखलं आणि तू घालवलंस! दिशेसकट! उद्या सकाळी रेशनच्या कचेरीत हजर हो!"

"हो साहेब."

"आणि ह्या फोनवर कोण कोण कान लावून बसलेलं असतं, म्हणून जपून बोलतोय, नाहीतर... धो धो पाऊस म्हणे! अरे, इथे लंडनमध्ये सकाळपासून लख्ख ऊन आहे, आभाळात औषधाला ढग..."

पिलबीमच्या बोटाने फोनचा खटका दाबला. त्याने काही ठरवलं नव्हतं, बोटानेच दाबला. नोकरीला लागल्यापासून त्याने बरोबर जागी तोडलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"काय म्हणाले साहेब?" बाईंनी विचारलं.

"ते सांगायची परवानगी नाही," पिलबीम म्हणाला.

दोघं फोनकडे बघत बसले. चहा झाला. फोन पुन्हा वाजला नाही. सोमवारीही वाजला नाही.

पुढच्या रविवारी पिलबीम आपल्या खुर्चीत होता आणि हॅडोसाहेब आपल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांचं फोनवर पुष्कळदा बोलणं झालं, पण हवापाण्याची चौकशी दोघांपैकी कोणीही केली नाही.